संततिनियमनापासून ‘केस’पर्यंत : कुटुंबनियोजनाचा इतिहास आणि दलित स्त्री

एक

एखाद्या विचाराचे पुढे काय झाले हे पाहायचे असेल, तर त्याला वेळोवेळी कोणती नावे दिली गेली ते पाहावे. मूल कधी व्हावे, किती व्हावीत, होऊ द्यावे की नाही, या प्रश्नाला मराठीत गेल्या शंभर वर्षांत तीन नावे मिळाली. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी त्याला ‘संततिनियमन’ म्हटले. स्वातंत्र्यानंतर सरकारने ‘कुटुंबनियोजन’ म्हटले. १९७७ साली, आणीबाणीचे डाग पुसण्यासाठी, त्याच कार्यक्रमाची पाटी बदलून ‘कुटुंब कल्याण’ करण्यात आली. ही तिन्ही नावे पुस्तकातली, फायलीतली आणि पाटीवरची. आमच्या वस्त्यांत मात्र चौथेच नाव रुळले. ते म्हणजे ‘केस’. नर्सबाईला ठरलेल्या केसेस भरून द्याव्या लागत. शाळेतल्या गुरुजींनाही केस आणण्याचा हुकूम असे. आणि जिच्या पोटाला टाके पडत ती बाई या सगळ्या व्यवहारात फक्त ‘केस’ असे. नाव रजिस्टरात, अंगठा कागदावर आणि दुखणे तिच्याजवळ.

कुटुंबनियोजनाचा जो इतिहास आपण शिकलो आणि शिकवतो, त्यात दोनच पात्रे असतात. एक दूरदृष्टीचे शासन आणि दुसरी अडाणी जनता. शासन समजावून सांगते, जनतेला समजत नाही, मग शासन अधिक मोठ्या आवाजात सांगते, असा या कथेचा सारांश आहे. स्त्री, त्यातही दलित, भूमिहीन, मजुरी करणारी स्त्री, या कथेत येते ती अडथळा म्हणून. ती लूपला घाबरली, तिने गोळ्या उकिरड्यावर फेकल्या, ती अफवांना बळी पडली, असे सांगितले जाते. ती का घाबरली, हे तिला विचारण्याची गरज फार थोड्यांना वाटली.

येथे एवढेच मांडावयाचे आहे की, संततिनियमनाची मागणी आंबेडकरी चळवळीने स्वातंत्र्याच्या पुष्कळ आधी केली होती आणि ती स्त्रीच्या इच्छेच्या पायावर उभी केली होती. पुढे शासनाने इमारत बांधली, पण पाया घातलाच नाही. निरनिराळ्या साधनांविषयी आमच्या आयाबहिणींनी जी मते बनवली, ती या बिनपायाच्या इमारतीची त्यांनी केलेली पारख होती. तिला अज्ञान म्हणणे हे आपल्या शिकलेल्या वर्गाच्या सोयीचे आहे, इतकेच.

दोन

कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या कार्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैमध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि १९५३ साली मरेपर्यंत ते एकहाती चालवले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मधील खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. कर्वे हरले, दंड भरून मोकळे झाले. पण त्या न्यायालयात कोण कोणाच्या बाजूने उभे होते, हे विसरता कामा नये. ज्या वेळी पुण्यामुंबईचा सुशिक्षित समाज कर्व्यांना टाळत होता, त्या वेळी अस्पृश्यांचा नेता त्यांच्या शेजारी उभा होता.

त्या काळात संततिनियमनाच्या बाजूने बोलणारे सारेच एका विचाराचे नव्हते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. स्त्रीला सुख आणि आरोग्य मिळावे म्हणून बोलणारे कर्व्यांसारखे थोडे होते. दुसरा एक मोठा प्रवाह सुप्रजाजननवाद्यांचा होता. ‘खालच्या’ थरांत मुले फार होतात आणि ‘वरच्या’ थरांत कमी, त्यामुळे राष्ट्राचा कस उतरतो, ही त्यांची चिंता. त्यांच्या दृष्टीने आपल्या माणसांची मुले म्हणजे तण. तिसऱ्या बाजूला गांधीजी होते. मार्गारेट सँगर १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्याला त्यांना भेटल्या. तेथेही त्यांनी कृत्रिम साधनांना नकार देऊन संयमाचाच मार्ग सांगितला. म्हणजे एकीकडे ‘तुमची मुले नकोत’ म्हणणारे आणि दुसरीकडे ‘नवऱ्याने ब्रह्मचर्य पाळावे’ म्हणणारे. दिवसभर राबून आलेल्या बाईच्या नवऱ्याने ब्रह्मचर्य पाळले नाही तर तिने काय करावे, याचे उत्तर दोघांकडेही नव्हते.

या पार्श्वभूमीवर १० नोव्हेंबर १९३८ हा दिवस महत्त्वाचा ठरतो. त्या दिवशी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. ते स्वतः हजर राहू न शकल्याने रोहम यांनी ते सभागृहापुढे ठेवले. ठरावात दोन गोष्टी मागितल्या होत्या. सरकारने सामान्य जनतेत संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा, ही एक. त्यासाठी पुरेशा सोयी उपलब्ध करून द्याव्यात, ही दुसरी. पण या दोन मागण्यांच्या बुडाशी जे तत्त्व होते ते भाषणात आहे. बाळंतपणाच्या कळा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या, तर एका मुलापलीकडे कोणी गेला नसता, असा त्यात टोला आहे. कोणत्याही कारणाने स्त्रीला मूल नको असेल, तर ते टाळता येणे तिच्या हाती असले पाहिजे आणि मूल होऊ देणे सर्वस्वी तिच्या इच्छेवर अवलंबून असले पाहिजे, असे तेथे स्वच्छ म्हटले आहे. ‘कोणत्याही कारणाने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. तिने कारण द्यावे, ते पटवून द्यावे, अशी अट नाही.

ठराव फेटाळला गेला. कामगारांचा आणि अस्पृश्यांचा पक्ष हा विषय घेऊन सभागृहात येतो, याचेच पुष्कळांना आश्चर्य वाटले असावे. वास्तविक त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नव्हते. १९२८ साली याच बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना सांगितले होते की, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे. ज्या बाईला मूल हवे तिला पगारी विश्रांती, आणि जिला नको तिला ते टाळण्याचे साधन, ही एकाच विचाराची दोन टोके होत. कामगार स्त्रीचे शरीर हे तिचे आहे, मालकाचे नाही आणि नवऱ्याचेही नाही, हा तो विचार.

आणि तो केवळ सभागृहात राहिला नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. हजारो स्त्रिया जमल्या होत्या. परिषदेने घटस्फोटाच्या हक्काचा ठराव केला, बहुपत्नीत्वाच्या विरोधात ठराव केला, गिरण्यांत आणि विड्यांच्या कामावर राबणाऱ्या बायकांच्या रजेचा आणि सोयींचा प्रश्न घेतला. तेथे बाबासाहेबांनी बायकांना सांगितले ते असे : मुलांना शिकवा, लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका, नवऱ्यापुढे दासी म्हणून न राहता मैत्रीण म्हणून बरोबरीने उभ्या राहा. येथे ‘फार मुले नकोत’ हे वाक्य एकटे येत नाही. त्याच्या आधी शिक्षण आहे आणि नंतर बरोबरी आहे. पुढे शासनाने या साखळीतून एकच कडी तोडून घेतली आणि तिचा फलक केला.

तीन

१९५२ मध्ये भारताने कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम म्हणून स्वीकारला. असे करणारा हा जगातला पहिला देश. पहिली दहा-बारा वर्षे काम मुख्यतः दवाखान्यांपुरते होते. साठीच्या मध्यावर त्याला वेग आला आणि १९६५ साली लूप आली. अमेरिकेतून आलेली ही प्लॅस्टिकची दुहेरी वळणाची चकती गर्भाशयात बसवली की काम झाले, रोजची आठवण नको, नवऱ्याची विनवणी नको, अशी तिची कीर्ती. पहिल्या दोन वर्षांत लूपचे आकडे झपाट्याने चढले आणि १९६७ नंतर घसरू लागले. कार्यक्रमाच्या इतिहासात या घसरणीचे खापर बरेचसे अफवांवर फोडलेले दिसते. लूप वर चढत काळजापर्यंत जाते, नवराबायको एकमेकांना चिकटून राहतात, अशा त्या अफवा.

आता जरा त्या बाईच्या बाजूने पाहू. लूपने अनेकींना रक्तस्राव वाढतो, पोटात पेटके येतात, काही वेळा ती आपोआप बाहेर पडते, हे वैद्यकशास्त्रच सांगते. जिच्या अंगात मुळात रक्त भरपूर आहे, जिच्या जवळ डॉक्टर आहे, तिला हा त्रास सोसता येतो किंवा चकती काढून घेता येते. पण जी अर्धपोटी आहे, जी रोज सूर्य उगवताना दुसऱ्याच्या शेतावर असते, तिच्या अंगावरून आठ-दहा दिवस जात राहिले तर काय होते? चक्कर येते, विळा हातातून गळतो, मुकादम खाडा लावतो. तिच्याकडे बदलायला पुरेसे जुनेर नसते, धुवायला पाणी नसते, कारण विहिरीवर तिचा हक्कच नसतो. ती दवाखान्यात गेली तर तिला सांगितले जाते की हे चालायचेच. तेव्हा ती शेजारणीला सांगते की ही वस्तू अंगातले रक्त पिते, काळजाला जाऊन भिडते. शरीररचनेच्या दृष्टीने हे वाक्य चूक आहे. पण तिच्या अनुभवाच्या दृष्टीने त्यात खोटे काय आहे? शास्त्राने तिला शब्द दिले नाहीत म्हणून तिने आपले शब्द वापरले. ज्याला अफवा म्हटले गेले, ती पुष्कळदा नोंद न झालेली तक्रार होती.

देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत, असे २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही आढळले. मग साठ वर्षांपूर्वी काय असेल याची कल्पना करावी. त्या स्थितीत रक्तस्राव वाढवणारे साधन खेडोपाडी नेताना आधी बाईचे रक्त तपासावे आणि नंतर तिची विचारपूस करावी, ही साधी गोष्ट कार्यक्रमाच्या हिशेबात बसली नाही. हिशेब बसवलेल्या चकत्यांचा होता.

प्रचाराची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर आला. चार चेहऱ्यांचे चित्र आले : आई, बाप, एक मुलगा, एक मुलगी. ‘दोन किंवा तीन, पुरे’ आणि नंतर ‘आम्ही दोघे, आमचे दोन’. १९६८ मध्ये निरोध पंधरा पैशांना तीन या दराने किराणा दुकानात आला. सुखी कुटुंबाच्या चित्रातली माणसे इस्त्रीच्या कपड्यांतली, चेहऱ्यावर तुकतुकी, मागे पक्के घर. दुःखी कुटुंबाच्या चित्रात फाटके कपडे, झोपडी आणि पोरांचा घोळका. हे चित्र पाहताना आमच्या वस्तीतल्या बाईला काय दिसत असेल? तिला सुखी कुटुंबात शेजारच्या गल्लीतले सावकाराचे घर दिसत असेल आणि दुःखी कुटुंबात स्वतःचे. चित्र तिला सांगत होते की तू गरीब आहेस कारण तुला मुले फार आहेत. तिला ठाऊक होते की ती गरीब आहे कारण तिला जमीन नाही. फलकाने कार्य आणि कारण यांची अदलाबदल केली होती, आणि ती तिच्या लक्षात आली होती.

आणखी एक हिशेब फलकावर नव्हता. १९७१ साली भारतात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १२९ वर्षाच्या आत दगावत होती. हा आकडा सगळ्या देशाचा, सगळ्या थरांचा मिळून. ज्या वस्तीत पाणी नाही, दवाखाना नाही, दाईच्या हाती गंजके पाते आहे, तेथील स्थिती याहून बरी असण्याचे कारण नव्हते. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये महारवाड्यातील कोवळ्या पोरींच्या बाळंतपणांचे जे वर्णन केले आहे ते वाचावे, म्हणजे या आकड्याला चेहरा मिळेल. ‘दोन पुरे’ हे वाक्य ज्याची दोन्ही मुले जगतात त्याच्यासाठी आहे. दोन जगावीत म्हणून जिला पाच वेळा मरणाच्या दारात जावे लागते, तिला ते वाक्य सांगण्याआधी मुले जगवण्याची हमी द्यावी लागते. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत बालमृत्यू पुष्कळ घटले. मुली शिकल्या, लसी आल्या. आणि त्याच काळात बायकांनी आपण होऊन मुलांची संख्या कमी केली. बाईचा हिशेब चुकीचा कधीच नव्हता. तिच्यापुढचे आकडे बदलले तसे उत्तर बदलले.

चार

१९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली. एप्रिल १९७६ मध्ये केंद्राचे राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर झाले. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, हे आपले भाग्य. पण पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्याच्या दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले होते, हे इतिहासात नोंदलेले राहील. १९७६–७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी सुमारे ६२ लाख पुरुषांच्या. शिक्षकांचे पगार अडवले गेले, दिल्लीत झोपडी तुटलेल्याला घराच्या जागेसाठी नसबंदीचा दाखला मागितला गेला. शहा आयोगापुढे नसबंदीशी संबंधित १,७७४ मृत्यूंची नोंद आली. पोलिसाला, तहसीलदाराला, जमीनदाराला ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्यावर ही सक्ती आधी कोसळली. तो माणूस कोणत्या जातींतला होता, हे सांगण्याची गरज नाही.

१९७७ च्या मार्चमध्ये सरकार पडले. १९७७–७८ मध्ये शस्त्रक्रियांचा आकडा साडेनऊ लाखांच्या आसपास आला. यानंतर जे घडले त्याची चर्चा आपल्याकडे फारच कमी होते. पुरुषावर सक्ती केली तर सरकार पडते, हा धडा सगळ्या पक्षांनी घेतला. स्त्रीवर सक्ती केली तर सरकार पडत नाही, हा त्याच धड्याचा दुसरा भाग होता. तो कोणी उच्चारला नाही, पण अमलात आणला. खात्याचे नाव बदलले, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली, शिबिरे भरू लागली आणि कार्यक्रमाचा सगळा भार बाईच्या पोटावर सरकला. २०१९–२१ च्या पाहणीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती. नवऱ्याची नसबंदी झालेल्या होत्या ०.३ टक्के. महाराष्ट्रात शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांचे प्रमाण जवळजवळ निम्मे आहे. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, कमी वेळाची आणि कमी धोक्याची. तरीही आकडा असा आहे. हे शास्त्राने ठरवलेले नाही. पुरुषप्रधान राजकारणाने ठरवलेले आहे, आणि त्यात आपल्या चळवळीतले पुरुषही अपवाद नाहीत.

पाच

मात्र येथे थांबलो तर आपणही स्त्रीला केसच करू, फक्त दयेची केस. कारण पुष्कळ दलित स्त्रियांनी ऑपरेशन स्वतः मागून घेतले आहे. मराठवाड्यात आमच्या भागातल्या आज साठी ओलांडलेल्या बायकांशी बोलताना हे वारंवार ऐकू येते. त्यांची साधनांविषयीची मते ठाम आणि कारणांसह असतात.

गोळ्यांविषयी त्या म्हणतात की गोळी गरम पडते, तोंड कोरडे होते, डोके फिरते. हा झाला शरीराचा भाग. पुढचा भाग घराचा आहे. एका खोलीत सासू, दीर, नवरा, पोरे. त्यात गोळ्यांचे पाकीट ठेवायचे कुठे? एक बाई म्हणाली, “गोळी रोज आठवायची म्हंजी रोज भ्यायचं. आपरेशन एकदाच भ्यायचं.” कार्यक्रमाच्या कोणत्याही पुस्तिकेत या दोन पद्धतींची याहून नेमकी तुलना मी वाचलेली नाही. तांबीविषयीही त्यांचे मत असेच. अंगावरून जास्त जाते, आणि ती बसवल्यावर दुखले तर काढायला पुन्हा मजुरी बुडवून जावे लागते. गेले तर ‘आताच तर बसवली’ म्हणून बोलणी खावी लागतात. निरोधचा विषय निघाला की त्या हसतात. तो ज्याने वापरायचा त्याची मर्जी कोणी सांभाळायची?

म्हणजे ऑपरेशन पसंत करण्यामागे कारणे होती. ते एकदाच होते. बाळंतपणाला माहेरी गेले असता तिथेच उरकता येते. दारू पिणाऱ्या नवऱ्याशी रोज भांडावे लागत नाही. काहींनी तर नवऱ्याला शेवटच्या क्षणापर्यंत कळू दिले नाही. या बायकांना सरकारने फसवले एवढेच म्हणणे हा त्यांचा अपमान आहे. त्यांनी समोर जे होते त्यातून शहाणपणाने निवडले. प्रश्न असा आहे की त्यांच्यासमोर एवढेच का होते? ज्या साधनाला रोजची खाजगी जागा, पुन्हा पुन्हा दवाखान्यात जाण्याची ऐपत, नम्रपणे बोलणारा डॉक्टर आणि समजूतदार नवरा लागतो, ते साधन गरीब बाईपुरते नसल्यासारखेच असते. तिच्यासाठी उरते ते परत न फिरणारे साधन. ते केल्यावर मूल दगावले तर वाट बंद. नवरा वारला आणि पुनर्विवाहाची संधी आली तरी वाट बंद.

नवऱ्यांनी शस्त्रक्रिया का केली नाही, असे विचारले तर याच बायका म्हणतात, “बाप्याची रग जाती, मंग वझं कोन उचलनार?” हे खरे नाही, हे आपल्याला माहीत आहे. पण हा गैरसमज दूर करण्यासाठी शासनाने जेवढा प्रचार बायकांना शिबिरात आणण्यासाठी केला तेवढा कधी केला नाही. शिवाय बाईच्या पोटाला टाके असताना तिने आठव्या दिवशी डोक्यावर पाटी घेतली तेव्हा ‘वझं कोन उचलनार’ हा प्रश्न घरात कोणी विचारला नव्हता.

सहा

अलीकडच्या पंचवीस-तीस वर्षांत भाषा पुष्कळ सुधारली. १९९४ साली कैरोच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत स्त्रीच्या प्रजनन-हक्कांची भाषा आली आणि १९९६ पासून भारताने वरून लादलेली उद्दिष्टे रद्द केल्याचे जाहीर केले. आता निरोप घेऊन येणारी बाई पुष्कळदा आपल्याच वस्तीतली ‘आशा’ असते, तिच्या बोलण्यात तुच्छता नसते, हा मोठा फरक आहे. पण तिचाही मोबदला कामागणिक मोजला जातो.

आणि व्यवहार? २००७ च्या सुधारित केंद्रीय दरांत महाराष्ट्रासारख्या राज्यांमध्ये सरकारी दवाखान्यात ऑपरेशन करून घेणाऱ्या दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जातीच्या किंवा जमातीच्या स्त्रीसाठी ६०० रुपये ठरले आणि इतर स्त्रीसाठी २५०. बुडालेल्या मजुरीची ती भरपाई आहे, असे शासन म्हणणार, आणि गरिबाला अधिक द्यावे हे तत्त्व आपणही मान्य करू. पण बाळंतपणानंतर सहा महिने सकस अन्न, ऑपरेशननंतर महिनाभर पगारी विश्रांती, यासाठी जातीचा दाखला पाहून जास्त पैसे देणारी योजना कुठे आहे? मूल थांबवण्याच्या क्षणीच आपली जात सरकारला इतक्या प्रेमाने का आठवते, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

दुसरे उदाहरण पंचायतीचे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झाले तर ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत निवडणुकीस अपात्र, असा नियम महाराष्ट्रात लागू झाला. राखीव जागेमुळे एखादी दलित बाई पहिल्यांदा खुर्चीवर बसते. तिसरे मूल होऊ द्यायचे की नाही हे तिच्या घरात नवरा आणि सासू ठरवतात, आणि अपात्र ती ठरते. जिच्या हाती निर्णय दिला नाही तिला निर्णयाची शिक्षा, असा हा न्याय.

तिसरे उदाहरण सर्वांत दुःखद. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका बंद पडलेल्या दवाखान्यात शिबिर भरले. काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या. त्या आणि लगतच्या शिबिरांतील १३ स्त्रिया मरण पावल्या. त्या गरीब घरांतल्या, बहुतेक दलित, आदिवासी आणि मागास जातींच्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये देविका बिश्वास प्रकरणात अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. ‘केस’ या शब्दाचा शेवट कुठे होतो, ते बिलासपूरने दाखवले. आणि केस या शब्दाचा दुसरा अर्थ, न्यायालयातील केस, बाईच्या बाजूने उभा राहायला १३ जणींचे मरण लागले.

इंजेक्शनाचा इतिहासही असाच आहे. नेट-एन या इंजेक्शनाच्या चाचणीसाठी आंध्रातील पटनचेरूच्या बायकांना पुरेशी माहिती न देता गोळा केले, म्हणून १९८६ साली स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आता ‘अंतरा’ नावाने तीन महिन्यांचे दुसरे एक इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. अनेक बायकांना ते सोयीचे वाटते, कारण ते घरात कोणाला दिसत नाही. पण त्याने पाळी अनियमित होते, कधी बंद होते. हे आधी नीट सांगितले तर ती स्वीकारील किंवा नाकारील. सांगितले नाही, तर पाळी गेली म्हणून ती घाबरेल आणि आपण पुन्हा तिला अफवा पसरवणारी म्हणू. म्हणजे १९६५ च्या लूपचीच कथा.

सात

१९३८ च्या ठरावाकडे परत पाहिले तर हिशेब स्पष्ट होतो. प्रचार मागितला होता, तो शासनाने भरभरून केला. सोयी मागितल्या होत्या, त्या अर्ध्यामुर्ध्या दिल्या, आणि त्याही शासनाच्या पसंतीच्या. आणि ज्या तत्त्वावर हे दोन्ही उभे राहायचे होते, ते स्त्रीच्या इच्छेचे तत्त्व, ते फेटाळलेल्या ठरावाबरोबर सभागृहाच्या दप्तरातच राहिले.

ते बाहेर काढण्याचे काम शासन करणार नाही. ते आपल्याला करावे लागेल. त्याची सुरुवात आपल्या सभांपासून व्हावी. आपल्या जयंतीच्या व्यासपीठांवर घटना, आरक्षण, शिक्षण यांवर व्याख्याने होतात. १९३८ चा हा ठराव आणि १९४२ ची ही परिषद यांवर किती वेळा होतात? शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी वस्तीतल्या वृद्ध स्त्रियांच्या तोंडून लूपचा, शिबिराचा, ऑपरेशनचा इतिहास उतरवून घ्यावा. १९८९ मध्ये उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’मध्ये चळवळीतील स्त्रियांच्या आठवणी अशाच गोळा केल्या, म्हणून नागपूरची ती परिषद आज आपल्याला ठाऊक आहे. त्या पिढीतल्या बायका आता थोड्या उरल्या आहेत. आणि कार्यकर्त्या पुरुषांना एक प्रश्न विचारण्यासारखा आहे : तुमच्या घरी ऑपरेशन कोणाचे झाले, आणि ते कोणी ठरवले?

दवाखान्यात बाईला काय सांगितले, किती वेळ सांगितले, तिने काय विचारले आणि तिला नाही म्हणता आले काय, हे तपासणारी माणसे वस्तीतूनच तयार झाली पाहिजेत. नाही म्हणण्याची सोय हीसुद्धा एक सोय आहे, आणि ती कोणत्याही दवाखान्याच्या यादीत लिहिलेली नसते.